वेगाकडून सुराकडे

१९८९ साली गॅरी मूर ‘आफ्टर द वॉर’ या आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने दौऱ्यावर होता. हेवी रॉकचे ते दिवस. मंचावर ध्वनिक्षेपकांच्या भिंती, प्रकाशझोतांची उधळण, आणि गिटारवादक जितका वेगवान तितका तो थोर, असा साधा हिशेब. त्या हिशेबात मूर कोणालाही हार जाणारा नव्हता. पण कार्यक्रमाआधी रंगपटात बोटे मोकळी करण्यासाठी तो गिटार हाती घेई, तेव्हा तिच्यातून भलतेच काही बाहेर पडे. संथ, जुने, अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले ब्लूज. बेस गिटार वाजवणारा त्याचा साथीदार बॉब डेझली हे ऐकत असे. याचीच एक ध्वनिमुद्रिका का करू नये, असे त्याने सुचवले. त्या वेळी ते व्यापारी आत्महत्येसारखेच होते. ब्लूज ही चाळीस वर्षे जुनी चीज, तिला कोण विचारतो? तरीही मूरने ते मनावर घेतले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव पूर्वी कधी नव्हते इतक्या घरांत पोहोचले.

मूर तेव्हा सदतीस वर्षांचा होता. वादक म्हणून त्याची वीस वर्षे उलटून गेली होती आणि या काळात त्याने इतकी घरे बदलली होती, की त्याचे खरे घर कोणते हे त्याच्या चाहत्यांनाही सांगता आले नसते. त्यातले सर्वांत अवघड घर जॅझ फ्यूजनचे. आज ब्लूजवाला म्हणून ओळखला जाणारा हा माणूस एके काळी ब्रिटनमधल्या सर्वांत गुंतागुंतीच्या संगीतात बुडालेला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

४ एप्रिल १९५२ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे त्याचा जन्म झाला. वडील बॉबी मूर शहराबाहेरच्या हॉलिवुड नावाच्या गावात नृत्याचे सभागृह चालवीत. त्यामुळे बँड, वाद्ये, शनिवारची गर्दी हे सारे मुलाच्या डोळ्यांपुढे लहानपणापासूनच होते. आठ-दहा वर्षांचा असताना त्याच्या हाती एक जुनी गिटार आली. मूर डावखुरा, पण डावखुऱ्यांनी वाद्य उलटे धरायचे असते हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि तो उजव्या हाताच्या वादकांसारखीच गिटार धरून शिकला. तारा दाबण्याचे आणि ओढण्याचे कष्टाचे काम अशा रीतीने त्याच्या बळकट हाताकडे गेले. पुढे त्याच्या वादनातली जी ताकद ऐकणाऱ्याला दचकवीत असे, तिचे थोडे मूळ या अपघातात असावे.

सुरुवातीला शॅडोज, मग बीटल्स, हा त्या पिढीचा ठरलेला रस्ता. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडची एरिक क्लॅप्टनसह केलेली तबकडी आली आणि मूरचा रस्ता वळला. क्लॅप्टन तो बँड सोडून गेल्यावर त्याच्या जागी पीटर ग्रीन नावाचा लंडनचा एक तरुण आला. तोही बेलफास्टमध्ये वाजवून गेला, आणि शाळकरी मूरने त्याला ऐकले. ग्रीन कमी वाजवी. एक स्वर लावून तो थांबे, आणि ती शांतता त्याला भरून काढावीशी वाटत नसे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात हे घर करून राहिले. हातात यायला मात्र पंचवीस वर्षे लागली.

सोळाव्या वर्षी मूरने घर सोडले आणि तो डब्लिनला आला. तेथे ब्रश शील्स या बेसवादकाच्या ‘स्किड रो’ बँडला गिटारवादक हवा होता. बँडचा गायक होता फिल लायनट, उंच, कृष्णवर्णीय, बोलघेवडा डब्लिनकर. मूर आणि लायनट एकाच घरात राहू लागले. पुढे शील्सने लायनटला बँडमधून काढले, पण काढतानाच त्याला बेस वाजवायलाही शिकवले. त्या शिकवणीवर लायनटने ‘थिन लिझी’ उभी केली. आयरिश रॉकचा इतिहास असा एकमेकांच्या स्वयंपाकघरातून घडला आहे.

स्किड रोने एकदा डब्लिनमध्ये ‘फ्लीटवूड मॅक’च्या आधी वाजवले. त्या वेळी फ्लीटवूड मॅकचा सूत्रधार पीटर ग्रीनच होता. हा सतरा वर्षांचा मुलगा त्याला आवडला. त्याच्या खटपटीमुळे स्किड रोला लंडनचे दार उघडले आणि सीबीएस कंपनीशी करार झाला. १९७० मध्ये ‘स्किड’ आणि १९७१ मध्ये ‘३४ अवर्स’ या तबकड्या आल्या. दुसरीचे नाव ती जितक्या तासांत मुद्रित झाली त्यावरून पडले. त्या ऐकताना जाणवते ते हेच, की हा मुलगा एका श्वासात सगळे सांगून टाकण्याच्या घाईत आहे.

ग्रीनचे मात्र त्या काळात बिनसत चालले होते. १९७० च्या मे महिन्यात त्याने आपलाच बँड सोडला. मनाचे आजारपण, पैशाविषयीची विलक्षण अपराधी भावना, अमली द्रव्ये यांत तो खोल गेला. आपली गिटार मूरने घ्यावी असे त्याने सुचवले. ती १९५९ सालची गिब्सन लेस पॉल. तिच्या एका पिकअपमधले चुंबक उलटे बसलेले होते. दोन्ही पिकअप एकदम चालू केले, की त्यामुळे तिच्यातून पोकळ, किंचित नाकातला, रडवेला आवाज येई. हा दोष म्हणावा तर त्यानेच ग्रीनचे वादन शंभरांत ओळखू येई. मूरकडे तिच्या मोलाचे पैसे नव्हते. ग्रीनने त्यावर तोडगा काढला : मूरने स्वतःची गिटार विकावी आणि तिचे येतील त्यात व्यवहार मिटवावा. गिटार विकली गेली, आणि ग्रीनने घेतले ते त्याहूनही कमी. पैशांसाठी हा सौदा नव्हताच; वाद्य चांगल्या घरी जावे एवढीच त्याची इच्छा होती. पुढे जगभर ‘ग्रीनी’ या नावाने प्रसिद्ध झालेली हीच ती गिटार.

मूरच्या आयुष्यातला पुढचा विरोधाभास येथे सुरू होतो. ब्लूजच्या या सर्वांत शांत गिटारीवर त्याने पुढची काही वर्षे ब्लूजपासून सर्वांत दूरचे संगीत वाजवले.

१९७३ मध्ये स्वतःच्या नावाचा बँड काढून ‘ग्राइंडिंग स्टोन’ ही तबकडी, १९७४ च्या आरंभी एरिक बेलने सोडलेल्या थिन लिझीत काही महिन्यांची बदली, असे करीत मूर १९७५ मध्ये जॉन हाइसमन या ड्रमरकडे आला. हाइसमन हा ब्रिटिश जॅझ-रॉकमधला मोठा माणूस. १९६८ ते १९७१ या काळात त्याने ‘कोलोसियम’ हा बँड चालवला होता. आता त्याला त्याचा दुसरा अवतार काढायचा होता, आणि या वेळी मध्यभागी सॅक्सोफोनऐवजी गिटार हवी होती. डॉन एअरी कीबोर्डवर, नील मरे बेसवर आणि माइक स्टार्स गायक, असा ‘कोलोसियम टू’ उभा राहिला.

फ्यूजन म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावणे तसे सोपे आहे. मुंबईचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांची ‘शक्ती’ याच सुमारास जगभर गाजत होती. ‘शक्ती’च्या आधी मॅक्लॉफ्लिनने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ चालवली होती. विषम मात्रांची तालचक्रे, जॅझमधले क्लिष्ट कॉर्ड, रॉकचा दणका आणि या सगळ्यावरून सुसाट जाणाऱ्या ताना, असे ते संगीत. कोलोसियम टू ही त्या लाटेला ब्रिटनने दिलेली एक दणदणीत जोड होती. हाइसमनचे ड्रम एका जागी उभे राहून ठेका धरणारे नव्हते. ते सतत बोलत, तोडत, पुढे ढकलत. त्यावर एअरी आणि मूर यांनी एकच सुरावट एकाच वेळी, विजेच्या वेगाने वाजवायची, एक मात्रा चुकली तर सगळा डोलारा कोसळायचा.

‘स्ट्रेंज न्यू फ्लेश’ १९७६ मध्ये आली. तिच्यात जोनी मिचेलच्या ‘डाउन टू यू’ या गाण्याचा एक लांबलचक आविष्कार आहे आणि तो आजही ऐकण्यासारखा आहे. गायक आणि मरे लवकरच गेले, बेसवर जॉन मोल आला आणि बँड जवळजवळ पूर्णपणे वाद्यसंगीताकडे वळला. १९७७ या एकाच वर्षात ‘इलेक्ट्रिक सॅव्हेज’ आणि ‘वॉर डान्स’ अशा दोन तबकड्या निघाल्या. ‘वॉर डान्स’मधली ‘इन्क्विझिशन’ ही रचना ऐकली, तर पंचविशीच्या मूरची बोटे कोणत्या पातळीवर पोहोचली होती हे कळते. पण याच तबकड्यांवर तो मधूनच एखादे संथ गाणे स्वतः गातोही. ‘रिव्हर्स’ आणि ‘कॅसल्स’ ही ती दोन गाणी. तालमीत दमलेल्या गवयाने खिडकीत उभे राहून गुणगुणावे, तशी ती वाटतात.

काळ मात्र या मंडळींचा नव्हता. १९७७ हे ब्रिटनमध्ये पंकचे वर्ष. तीन कॉर्ड येणाऱ्या पोरांनी जग जिंकायला काढले असताना तेरा मात्रांचे हिशेब ऐकायला सभागृहे भरत नव्हती. जाणकार माना डोलवीत होते, पैसे मिळत नव्हते. कोलोसियम टूला खरे यश मिळाले ते दुसऱ्याच्या नावावर, आणि तेही एका फुटबॉल सामन्याच्या कृपेने. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर लेटन ओरिएंट संघाच्या सामन्यावरची पैज आपल्या भावाशी हरला. भाऊ ज्युलियन हा सेलोवादक, आणि त्याच्यासाठी रचना करायची हा पैजेचा दंड. पॅगानिनीच्या चोविसाव्या कॅप्रिसवर वेबरने सेलो आणि रॉक बँडसाठी रचना केली आणि तो बँड म्हणून कोलोसियम टूला बोलावले. १९७८ ची ही ‘व्हेरिएशन्स’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. तिचा आरंभीचा भाग ‘साउथ बँक शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची धून झाला आणि ब्रिटनमधल्या असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे मूरला ऐकले, तो मूर आहे हे न कळता.

त्याच वर्षी मूरची स्वतःच्या नावाची ‘बॅक ऑन द स्ट्रीट्स’ ही तबकडी निघाली. एका माणसाचे दोन रस्ते एकाच तबकडीवर दिसावेत असे उदाहरण विरळा. काही रचना थेट कोलोसियम टूच्या घराण्यातल्या. एअरी आणि मोल त्यांत आहेतच. काही सरळसोट रॉक. आणि या दोन्हींत न बसणारे एक गाणे, ‘पॅरिसिएन वॉकवेज’. ते लायनट गायला. गाण्याचा जीव मात्र गिटारच्या संथ, लांब सुरावटीत आहे. १९७९ मध्ये ते ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर पोहोचले. फ्यूजनच्या तीन तबकड्यांनी जे दिले नाही ते एका ओळीच्या सुरावटीने दिले. या गाण्यात पुढे एक प्रथाच पडली. प्रत्यक्ष मैफलीत मध्यावर मूर एक स्वर लावी आणि तो सोडतच नसे. तार छेडल्यावर तिचा आवाज विरायला हवा. पण ध्वनिक्षेपकापासून नेमक्या अंतरावर उभे राहिले, तर त्याचाच आवाज तारेला पुन्हा कंपित ठेवतो. ही जागा मूर कार्यक्रमापूर्वीच शोधून ठेवी. दहा, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक, एकच स्वर सभागृहात तरंगत राही आणि लोक श्वास धरून बसत. ज्या माणसाने एका सेकंदात वीस स्वर वाजवून नाव मिळवले, त्याच्या मैफलीतला सर्वांत मोठा क्षण हा असा होता.

थिन लिझीत मूर १९७७ मध्ये ‘क्वीन’सोबतच्या अमेरिका दौऱ्यापुरता जाऊन आला होता. १९७८ मध्ये तो रीतसर दाखल झाला. ‘ब्लॅक रोझ’ ही १९७९ ची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली आणि तिच्या शीर्षकगीतात आयरिश लोकधुनांची जी गुंफण आहे ती थिन लिझीच्या उत्तम कामगिरीत गणली जाते. पण बँडमधले अमली द्रव्यांचे प्रमाण आणि त्यामुळे ढासळणारे वादन मूरला सहन होईना. त्याच जुलैमध्ये अमेरिकेचा दौरा चालू असतानाच तो निघून गेला. जिवलग मित्र असा मध्येच सोडून गेल्याचे लायनटला लागले, आणि दोघांत काही वर्षे अबोला राहिला.

ऐंशीचे दशक झटकन सांगून संपवण्यासारखे आहे, आणि मूरही पुढे ते तसेच संपवी. ‘कॉरिडॉर्स ऑफ पॉवर’, ‘व्हिक्टिम्स ऑफ द फ्यूचर’, ‘रन फॉर कव्हर’ अशा हेवी रॉकच्या तबकड्या, जपान आणि स्कँडिनेव्हियातले मोठे यश, अमेरिकेत मात्र जेमतेम दखल. त्यात १९८५ चे ‘आउट इन द फील्ड्स’ वेगळे उठून दिसते. मूर आणि लायनट पुन्हा एकत्र आले ते या गाण्यासाठी. बेलफास्टचा एक आणि डब्लिनचा एक, असे दोघे उत्तर आयर्लंडमधल्या हिंसेविरुद्ध एकत्र गात होते. गाणे ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी ४ जानेवारीला लायनट गेला, छत्तीसाव्या वर्षी, व्यसनाने पोखरलेल्या शरीरानिशी. १९८७ ची ‘वाइल्ड फ्रंटियर’ मूरने त्याला अर्पण केली आणि तिच्यात आयरिश सूर भरले. त्यानंतरच्या ‘आफ्टर द वॉर’मध्ये त्याला स्वतःलाच रस उरला नव्हता. आपण एका साच्यात शिरलो आहोत आणि साचा आपला नाही, हे त्याला पुरते उमगले होते. रंगपटातला तो ब्लूज या मनःस्थितीतला.

‘स्टिल गॉट द ब्लूज’ मार्च १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. हेवी रॉकमधला माणूस जुन्या दारात कसा गेला? नम्रपणे, आणि जाणकारांना सोबत घेऊन. अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स या अमेरिकन ब्लूजमधल्या दोन बुजुर्गांना त्याने बोलावले. जॉर्ज हॅरिसनने आपले एक गाणे दिले आणि त्यात वाजवलेही. कीबोर्डवर पुन्हा डॉन एअरी होता. किंगच्या सहवासाने मूरच्या वादनात एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे जागा सोडणे. गाणारा थांबला म्हणून लगेच ती फट बुजवायची नाही. एक बोल बोलायचा, एक गिळायचा. आपल्याकडे तयारीच्या गवयाला बुजुर्ग जे सांगतात तेच हे. तान घेता येते म्हणून ती प्रत्येक आवर्तनात घ्यावी असे नाही. ब्लूजमध्ये तर एका स्वराची तार बोटाने ओढून ती वरच्या स्वराकडे नेताना मधल्या अंतरात जे काही होते तेच गाणे. मींडेचे मोल जाणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मूरने वेग पूर्ण टाकला, असे मात्र म्हणता येणार नाही. ब्लूजच्या सनातनी मंडळींचा आक्षेप तोच होता. याचा आवाज फार मोठा, स्वर फार जास्त. रॉकवाल्याने ब्लूजचा अंगरखा घातला आहे इतकेच. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. त्या तबकडीवरच्या काही वेगवान गाण्यांत मूर स्वतःला आवरत नाही, आणि तेथे किंगचे चार स्वर त्याच्या चाळीस स्वरांवर मात करतात. पण शीर्षकगीत ऐकताना हा वादच गळून पडतो.

त्या गीताची एक गंमत अशी, की नावात ब्लूज असूनही ते बांधणीने ब्लूज नाही. ब्लूजचा साचा बारा आवर्तनांचा, मुख्यतः तीन कॉर्डचा. हे गाणे चालते ते पंचमांच्या वर्तुळाने. एक कॉर्ड पुढच्याला हाताला धरून आणतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि फिरून पुन्हा घरी. ‘ऑटम लीव्ह्ज’सारख्या जॅझमधल्या जुन्या गाण्यांची हीच चाल, आणि ‘पॅरिसिएन वॉकवेज’चीही. म्हणजे कोलोसियम टूमधली ती वर्षे वाया गेली नव्हती. प्रत्येक कॉर्ड बदलताना नेमका कोणता स्वर धरला म्हणजे काळजाला लागेल, हे ज्याने जॅझचे कॉर्ड रात्रंदिवस घोटले आहेत त्यालाच इतके अचूक कळते. निव्वळ ब्लूजवर वाढलेल्या वादकाला ही सुरावट सुचली असती का, याची शंका वाटते. फ्यूजनमधून मूर ब्लूजकडे आला हे खरे, पण तो रिकाम्या हाताने आला नाही. एक समज मात्र दुरुस्त करायला हवा. हे गाणे ग्रीनच्या गिटारीवर वाजवलेले नाही. मूरने त्या सुमारास घेतलेली १९५९ चीच दुसरी एक लेस पॉल त्यात आहे.

ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये तेराव्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत ती त्र्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, आणि ज्या देशाने मूरला इतकी वर्षे दारातच उभे ठेवले होते, तेथेच शीर्षकगीत मुख्य यादीत शिरले. त्याच्या एकट्याच्या नावावर तेथे असे दुसरे गाणे नाही. १९९२ च्या ‘आफ्टर अवर्स’वर बी. बी. किंग पाहुणा होता. तिने ब्रिटनमध्ये चौथा क्रमांक गाठला. डिसेंबर १९९२ मध्ये अल्बर्ट किंग गेला, नोव्हेंबर १९९३ मध्ये अल्बर्ट कॉलिन्स. शेवटच्या काळात त्यांचे नाव तरुणांपर्यंत नेण्यात या आयरिश माणसाचा वाटा होता. १९९४ मध्ये मूरने ‘क्रीम’मधल्या जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्यासह ‘बीबीएम’ हा बँड काढला. तो एका तबकडीपुरताच टिकला.

१९९५ च्या ‘ब्लूज फॉर ग्रीनी’बद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ही सबंध ध्वनिमुद्रिका पीटर ग्रीनच्या गाण्यांची आहे, आणि ती ग्रीनच्याच गिटारीवर वाजवलेली आहे. ग्रीन तेव्हा हयात होता, पण वर्षानुवर्षे संगीतापासून दूर, आजाराशी झगडत राहिलेला. मूरला त्या गाण्यांत आपले पांडित्य दाखवता आले असते. त्याने ते केले नाही. अनेक ठिकाणी तो इतका मागे सरतो, की वाजवतो कोण याचा विसर पडावा. त्याची विक्री मागच्या तबकड्यांइतकी झाली नाही. मूरची सर्वांत संयमी आणि, असे म्हणण्यास हरकत नाही, सर्वांत सुंदर कामगिरी हीच.

त्यानंतरही तो एका जागी बसला नाहीच. १९९७ च्या ‘डार्क डेज इन पॅरडाइज’मध्ये आणि १९९९ च्या ‘अ डिफरंट बीट’मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे ठेके वापरून पाहिले. ब्लूजचे चाहते गोंधळले, नृत्याचे चाहते फिरकले नाहीत. २००१ मध्ये तो परतला, आणि त्या ध्वनिमुद्रिकेचे नावच त्याने ‘बॅक टू द ब्लूज’ असे ठेवले.

२००६ मध्ये मूरने ग्रीनी विकली. हाताच्या दुखापतीमुळे रद्द झालेले कार्यक्रम आणि त्यातून आलेली ओढाताण हे त्याचे कारण सांगितले जाते. तिच्या किमतीविषयी बरेच आकडे ऐकू आले. जी त्याला मित्राने जवळजवळ देऊनच टाकली होती ती आता एक गुंतवणूक झाली होती. मूरला जवळून ओळखणाऱ्यांनाही या विक्रीने चुटपुट लागली. दोन वर्षांनी आणखी एक आघात झाला. १९७४ च्या सुमारास ‘जुड्स गॅलरी’ नावाच्या जर्मन बँडने वाजवलेल्या ‘नोर्डराख’ या रचनेतून ‘स्टिल गॉट द ब्लूज’ची सुरावट घेतली आहे, असा दावा होता. डिसेंबर २००८ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तो मान्य केला. ती रचना आपण कधी ऐकलीच नाही, असे मूरचे म्हणणे होते. न्यायालयाचे म्हणणे असे, की उचल जाणूनबुजून केली हे सिद्ध होण्याची गरज नाही. त्या काळी ती त्याच्या कानी पडणे शक्य होते, एवढे पुरे. पंचमांच्या वर्तुळावर चालणाऱ्या सुरावटी एकमेकींच्या बहिणी दिसतात, हे कोणताही जॅझवादक सांगेल. पण न्यायालयात कानांपेक्षा कागद मोठा. पुढे प्रकरण आपसात मिटले. ज्या गाण्याने त्याला स्वतःचा आवाज मिळवून दिला, त्याच्याच मालकीविषयी शंका घेतली गेली, हे मात्र राहिलेच.

या सगळ्याआधीची, ऑगस्ट २००५ मधली एक रात्र सांगायची राहिली. डब्लिनमध्ये ग्राफ्टन स्ट्रीटला लागूनच लायनटचा पुतळा उभारला गेला, आणि त्यानिमित्त मूरने थिन लिझीचा ड्रमर ब्रायन डाउनीला सोबत घेऊन कार्यक्रम केला. एरिक बेल, ब्रायन रॉबर्टसन, स्कॉट गोरहॅम असे लिझीचे जुने गिटारवादक एकेक करून मंचावर आले. ज्या बँडमधून तो तीनदा आला आणि तीनदा गेला, त्याची सगळी माणसे त्या रात्री त्याच्याभोवती होती.

२०१० च्या उन्हाळ्यात मूरने पुन्हा दिशा बदलली. ब्लूज बाजूला ठेवून त्याने ‘वाइल्ड फ्रंटियर’च्या काळातली आयरिश वळणाची गाणी काढली, आणि माँत्रोच्या महोत्सवात काही नवी गाणीही त्याच ढंगाने वाजवली. त्यांची ध्वनिमुद्रिका करण्याचे चालले होते. ६ फेब्रुवारी २०११ च्या पहाटे स्पेनमधील एस्टेपोना येथे, सुटीवर असताना, हॉटेलच्या खोलीत झोपेतच हृदयविकाराने त्याचा अंत झाला. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. रक्तात मद्याचे प्रमाण फार होते, असे पुढे वृत्तपत्रांतून आले. मित्राच्या व्यसनापायी एकेकाळी बँड सोडून गेलेल्या माणसाविषयी हे वाचताना चाहत्यांना जड गेले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनजवळच्या रॉटिंगडीन गावातल्या चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. माँत्रोची ती मैफल त्याच वर्षी ध्वनिचित्रफितीच्या रूपाने बाहेर आली.

ग्रीनी २०१४ मध्ये ‘मेटॅलिका’च्या कर्क हॅमेटकडे गेली. त्याने तिला तिजोरीत ठेवले नाही. तो ती मैदाने भरून जमणाऱ्या गर्दीपुढे वाजवू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये पीटर ग्रीनच्या सन्मानार्थ त्याच्या जुन्या साथीदारांनी एक कार्यक्रम केला, तेव्हा हॅमेट ती घेऊन आला होता. त्यानंतर पाच महिन्यांनी, २५ जुलैला, ग्रीन वारला. गिटार अजून वाजते आहे.